धानाच्या टाकीत शिजलेले दात

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी आधी त्या माणसाचं वय बघते. चाळिशीच्या आतला असेल तर 'डेंटल टेक्निशियन' म्हणते. त्याच्या वरचा असेल तर 'कवळ्या बनवते' म्हणते. साठीच्या पुढचा असेल तर काहीतरी भलतंच सांगून वेळ मारून नेते, कारण खरं सांगितल्याबरोबर तो तोंड उघडून दाखवायला लागतो. लग्नाच्या पंगतीत माझ्या ताटासमोर अशी बरीच तोंडं उघडली गेली आहेत. नंतर जेवण जात नाही.

माझी लॅब गोंदियात राईस मिलच्या गल्लीत आहे. एक लांबट खोली, वर टिनाचं छप्पर, आत प्लास्टरची धूळ. मी मूळची केशोरीची, धानाच्या शेतातली. नागपूरला कोर्स करून इथे आले तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं की बाई दात काढते. पहिले काही महिने गाल सुजलेली माणसं दाराशी येऊन बसायची आणि मी त्यांना पुढच्या चौकातल्या डॉक्टरांकडे पाठवायची. त्या डॉक्टरांना वाटलं, मी त्यांची जाहिरात करते आहे. त्यातून आमची ओळख झाली आणि ती अजून टिकून आहे.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर ते असं. डॉक्टर बोळक्या तोंडाचं माप घेतात. त्या मापात मी प्लास्टर ओतते, म्हणजे माझ्या टेबलावर त्या माणसाच्या हिरड्या येतात. त्यावर मेणाची हिरडी करायची, मेणात दात बसवायचे. दात तयार मिळतात, हे ऐकून लोक फार निराश होतात. त्यांना वाटतं, मी एकेक दात कोरत बसते. खरी मेहनत गुलाबी हिरडीची असते. मेणाची ती हिरडी दातांसकट पितळेच्या जाड डब्यात प्लास्टरमध्ये गाडायची, गरम पाण्याने मेण वितळवून टाकायचं आणि मेणाच्या रिकाम्या जागेत गुलाबी पीठ दाबून भरायचं. त्या डब्याला आम्ही फ्लास्क म्हणतो. मग फ्लास्क शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून पाण्यात शिजवायचा. शिजलं की पिठाचा दगड होतो, आणि त्या दगडावर माणूस पुढची कितीतरी वर्षं जेवतो, भांडतो आणि हसतो.

या धंद्याचं एक दुःख आहे. मला तोंड दिसत नाही, फक्त प्लास्टर दिसतं. डॉक्टरांकडून डबा येतो, त्यावर नावाची चिठ्ठी असते, आणि काम झालं की डबा परत जातो. बाजारात एखादी म्हातारी छान हसली की वाटतं, हे माझे तर नाहीत? विचारणार कसं? कोणाला त्याच्या दातांबद्दल विचारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

तरी काही गिऱ्हाईकं डॉक्टरांना ओलांडून थेट माझ्याकडे येतात. एका गृहस्थांचे दात वैनगंगेत अंघोळ करताना खळखळून चूळ भरण्याच्या नादात वाहून गेले. ते म्हणाले, नवे करा, पण जुन्यासारखे करा. म्हणजे कसे? पिवळे, आणि पुढच्या दोन दातांत फट असलेले. मी म्हटलं, काका, फट फुकटात बुजवून देते. तर रागावले. त्यांचा नातू फट नसलेल्या आजोबांकडे जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी फट ठेवली, तंबाखूच्या रंगाची छटाही दिली. इतका जीव लावून खराब काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

आणखी एकदा दोन भाऊ आले. दोघांत मिळून एकच कवळी होती, धाकट्यासाठी केलेली. लग्नाला धाकटा जाणार असेल तर त्याने लावायची, मोठा जाणार असेल तर मोठ्याने. तक्रार अशी होती की मोठ्याला ती टोचते. मी ती कवळी कागदावर ठेवून दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मोठे भाऊ गंभीरपणे म्हणाले, "घरच्या घरातच आहे ना ताई, बाहेर कोनाले देत नाई."

आता त्या गुलाबी पिठाबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

पीठ दोन वस्तूंचं होतं. एक पावडर आणि एक पाण्यासारखं पातळ, उग्र वासाचं औषध. दोन्ही कालवली की आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग बोटाला तारा सुटतात, मग कणकेसारखं होतं. कणकेच्या वेळीच ते भरायचं. त्यानंतर ते रबरासारखं होतं आणि ऐकेनासं होतं. हिवाळ्यात कणकेचा वेळ भरपूर मिळतो. मे महिन्यात गोंदियात टिनाखाली तो इतका थोडा असतो की फोन वाजला तर उचलायचा नाही. एका उन्हाळ्यात पातळ औषधाची बाटली खिडकीत उन्हात राहिली. चार दिवसांनी उघडायला गेले तर बाटलीतच सगळं थिजून काचेसारखं घट्ट झालेलं. ती बाटली मी अजून पेपरवेट म्हणून वापरते.

हे घट्ट का होतं, ते मला पुष्कळ वर्षं नीट माहीत नव्हतं. शिजवलं की होतं, एवढं पुरत होतं. माझी भाची ऋतुजा पुण्याला याच विषयात संशोधन करते. तिने एकदा सुट्टीत माझ्या टेबलावर बसून मला ते समजावलं. पातळ औषधात सुटे कण असतात, हाताची घडी घालून उभे असलेले. पावडरमध्ये एक पदार्थ असतो, तो गरम झाला की तुटतो, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक हात मोकळा राहतो. तो मोकळा हात शेजारच्याची घडी सोडवून त्याला पकडतो. मग त्याचा हात मोकळा होतो, तो पुढच्याला पकडतो. अशी साखळी वाढत जाते. त्यात काही कण असे मिसळलेले असतात की त्यांच्याकडे हातांच्या दोन जोड्या असतात. ते एका हाताने या साखळीला धरतात आणि दुसऱ्याने त्या साखळीला. साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या की त्यांची जाळी होते, आणि जाळी झाली की दाताला तडा जात नाही.

मी म्हटलं, मग गडबड कुठे होते? ती म्हणाली, घाईत. हात पकडताना उष्णता निघते. त्यात तू वरून आणखी जाळ दिलास तर सगळे एकदम धावत सुटतात, आतलं पातळ उकळतं आणि हिरडीत बुडबुडे राहतात. आणि अर्धवट शिजवून लवकर काढलंस तर काही कण घडी घालून तसेच उभे राहतात. ते पुढे तोंडात झिरपतात आणि तोंड भाजतं. म्हणून सत्तर अंशांच्या आसपास पुष्कळ वेळ ठेवायचं, आणि शेवटी उकळायचं.

तिच्या प्रयोगशाळेत याच्या पुढचं चालतं. तिथे मोकळ्या हाताला मधूनमधून धरून ठेवणारा एक पदार्थ घालतात. थोडं वाढू द्यायचं, थांबवायचं, पुन्हा सोडायचं. त्यामुळे सगळ्या साखळ्या जवळजवळ सारख्या वाढतात, आणि त्यांची जाळीही सगळीकडे सारखी विणली जाते. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारख्यांना शिस्त लावायचं शास्त्र. ती हसली. मी घरात उतावळी म्हणूनच प्रसिद्ध आहे. माझ्या हातचा भात नेहमी थोडा कच्चा असतो. धंद्यात मात्र मी घड्याळ आणि थर्मोस्टॅटवाली टाकी यांच्या भरवशावर आहे. टाकी मला हात लावू देत नाही, म्हणून माझं नाव चांगलं आहे.

शेवंताबाई आल्या त्या डॉक्टरांच्या फोनवरून. अवघड केस असली की डॉक्टर मला दवाखान्यात बोलावून घेतात. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, अम्मा को दांत चाहिए, लेकिन खाने के लिए नहीं चाहिए." मला काही कळेना. गेले.

खुर्चीत एक ऐंशीच्या घरातली बाई बसली होती. पांढरं लुगडं, ताठ मान, आणि हात मांडीवर असे ठेवलेले की जणू आम्हीच तिच्याकडे तपासायला आलो आहोत. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या एका गावातल्या त्या. आयुष्य रोवणीत आणि कापणीत गेलं. गावच्या विहारात वंदना सांगायचं काम मात्र लहानपणापासून त्यांच्याकडे होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येऊन आधी मुलीला वंदना पाठ करून दिली. त्यांनी पुढे म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं.

दात गेल्यावर त्यांनी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका दातवाल्याकडून कवळी करून घेतली. त्याने ती त्यांच्यासमोरच थोड्या वेळात तयार करून दिली होती. ती घातली की तोंड भाजायचं, मिरची लावल्यासारखं. त्यांनी ती फेकून दिली. बोळक्या तोंडाने वंदना म्हणू लागल्या तर प्रत्येक 'स' ला शिट्टी वाजायची.

"अन् वंदनेत सारा सच हाये ना बाई," त्या मला म्हणाल्या. "नमो तस्स म्हटलं का शिट्टी. लेकरं हासून राहतात. मंग कार्यकर्ते म्हनाले, आजी तुमी बसा, आमी मोबाइलवरून भोंग्यावर लावतो."

मी म्हटलं, मग काय झालं, आवाज चांगला असतो त्यात.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "भोंगा बुद्धाले सरन जात नाई, बाई. मानूस जाते."

त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला त्या म्हणणार होत्या. नाही जमलं तर भोंगा लावा, मी पुन्हा विचारणार नाही, असं त्यांनी कार्यकर्त्यांना सांगून टाकलं होतं. दातांना मी आजपर्यंत कधी घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले.

'स' नीट यायला वरच्या पुढच्या दातांच्या मागे जिभेला जागा लागते. जागा जास्त झाली तर शिट्टी, कमी झाली तर बोबडं. हे तपासायला आम्ही मेणाची कवळी तोंडात घालून माणसाला आकडे म्हणायला लावतो, साठ, एकसष्ट, बासष्ट असे. शेवंताबाई म्हणाल्या, गिनती माझ्या कामाची नाही. मग आम्ही त्यांच्याकडून वंदनेचेच शब्द म्हणवून घेतले. पहिल्या खेपेला शिट्टी आली. मी मेण तापवलं, दोन दात केसभर मागे घेतले. मग जीभ अडखळली. मग दातांमागचं मेण थोडं खरवडलं. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही. डॉक्टरांचे बाहेरचे पेशंट मात्र कुरकुरत होते. शेवटी एका खेपेला 'तस्स' असं स्वच्छ निघालं की डॉक्टर हातातला आरसा तसाच धरून उभे राहिले. मी मेणाची ती कवळी दोन्ही हातांत धरून लॅबमध्ये आणली.

पौर्णिमेला दोन दिवस होते. दुपारी मी फ्लास्क भरला, शिकंज्यात आवळला, टाकीत ठेवायला उचलला, आणि वादळ आलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं वादळ म्हणजे धुळीची भिंत. शेजारच्या मिलचा एक पत्रा उडून आमच्या गल्लीत पडला, कुठेतरी खांब पडला आणि लाइट गेली. रात्रभर आली नाही. भरलेला फ्लास्क शिकंज्यात तसाच राहिला तर बिघडत नाही, उलट बरंच असतं. पण शिजवल्याशिवाय तो कवळी नसतो. सकाळी वीज कचेरीत विचारलं तर म्हणाले, लाइन कुठे कुठे तुटली ते बघून राहिलो.

गॅसवर शिजवता आलं असतं. थर्मामीटर हातात धरून, आच कमीजास्त करत, दिवसभर पातेल्यासमोर उभं राहायचं. काही लोक करतात. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. दुपारपर्यंत मी आच वाढवली असती. दुसऱ्या कोणाच्या दातांत एखादा बुडबुडा चालला असता, कोणाच्या तोंडात थोडी चरचर चालली असती. या बाईंचं तोंड एकदा भाजून झालं होतं. आणि आता बिघडलं तर पुन्हा माप, पुन्हा मेण, पुन्हा तो केसभराचा हिशेब. पौर्णिमा निघून गेली असती.

मी ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, कुठेतरी सत्तर अंशाचं भरपूर पाणी शोध. पाणी जास्त असलं की ते लवकर तापत नाही आणि लवकर निवत नाही. मग तुलाही काही करता येणार नाही."

मी म्हटलं, गोंदियात कोण कशाला सत्तर अंशावर पाणी धरून बसेल? असं म्हणत असतानाच खिडकीतून वास आला. उष्ण्या तांदळाचा वास गोंदियाच्या माणसाला जाणवत नाही, तो आमच्या हवेतच असतो. पण त्या क्षणी मला तो जाणवला. उष्णा तांदूळ करायचा म्हणजे धान भरडण्याआधी गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत तासन्‌तास भिजत ठेवायचं, मग वाफ द्यायची. पाणी उकळतं नसावं लागतं आणि कोमटही नसावं लागतं. गल्लीच्या टोकाला हिरालालभाऊंच्या मिलमध्ये उन्हाळी धान भिजत होतं. भट्टी धानाच्या भुशावर चालते, पंप जनरेटरवर. त्यांना वादळाचं काही नव्हतं.

हिरालालभाऊ पोवार आहेत, घरची बोली पोवारी, पण शहरात इतकी वर्षं मिल चालवून बोलणं अर्धं हिंदी झालेलं. मी फ्लास्क पिशवीत घेऊन गेले आणि विचारलं, टाकीचं पाणी किती गरम आहे. ते म्हणाले, सत्तर, कधी अडुसष्ट. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग मी माझं काम सांगितलं.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "ताई, मेरे धान में आपकी दवाई नहीं जाएगी. लोक खातात ते."

त्यांचं बरोबर होतं, आणि हे मी आधी बोलायला हवं होतं. मग त्यांनीच दुधाची एक जुनी स्टीलची कॅन काढली. तिच्यात गरम पाणी भरून फ्लास्क आत ठेवला, झाकण पक्कं लावून वर तार गुंडाळली, आणि कॅन दोरीने टाकीत सोडली. बाहेर शंभर पोत्यांचं धान भिजत होतं आणि त्याच्या मधोमध एका आजींचे दात. टाकीवरचा माणूस दर वेळी जाताना दोरीकडे बघून मान हलवायचा.

मी पोत्यावर बसून राहिले. सकाळ गेली. हिरालालभाऊंच्या घरून माझ्यासाठी चहा आला, मग जेवण आलं. दुपार कलायला लागली तशी माझी चुळबुळ सुरू झाली. मी उठले आणि म्हटलं, झालं असेल भाऊ, काढूया. उरलेलं उकळताना होऊन जाईल.

हिरालालभाऊंनी खिशातून दोन दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. सोललेले, उष्ण्याचे. एक काचेसारखा आरपार, दुसऱ्याच्या मध्ये पांढरा ठिपका. "इसको पेट बोलते हैं. जल्दी निकाला, तो अंदर कच्चा रह गया. बाहेरून कळत नाही ताई. मिल में टूटता है." ते म्हणाले आणि दाणे परत खिशात टाकून निघून गेले. मी पुन्हा पोत्यावर बसले. आयुष्यात इतकं शांत बसलेलं मला आठवत नाही. टाकीतून वाफ निघत होती, भुसा जळत होता, आणि त्या कॅनमध्ये माझ्या नजरेआड एकेक घडी सुटत होती. मला काहीही करायचं नव्हतं, आणि त्याचं मला हळूहळू बरं वाटायला लागलं.

धान वाफेसाठी काढलं तेव्हा कॅनही काढली. शेवटची उकळी घरी गॅसवर दिली, उकळी काय कोणीही आणतं. मग त्याच पाण्यात फ्लास्क निवू दिला. अगदी शिजवण्याचं काम संपल्यावर लाइट आली, त्यामुळे पॉलिशची मोटार तरी चालली. प्लास्टर फोडून कवळी धुतली आणि खिडकीशी उजेडात धरली. एकही बुडबुडा नव्हता. हिरडी अशी एकसंध की मीच दोनदा उलटून पाहिली. खरं सांगायचं तर माझ्या टाकीतूनही इतकं चांगलं काम फार थोड्या वेळा निघालं आहे.

पौर्णिमेच्या सकाळी डॉक्टरांनी सुट्टी असून दवाखाना उघडला. कवळी हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इसमें से चावल की खुशबू आ रही है." मी म्हटलं, तुम्ही बसवा. शेवंताबाईंनी दात घातले, ओठ मिटले, जीभ आतून फिरवली. भाजतं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. म्हणून बघा ना एकदा, डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा मान हलवली. "तठीच म्हनीन, विहारात." आणि आपल्या मुलाच्या ऑटोत जाऊन बसल्या. मला राहवलं नाही, मीही त्यांच्या शेजारी चढले. रस्ताभर त्या काही बोलल्या नाहीत. मीच चार वेळा विचारलं, टोचत तर नाही?

विहार लहान होता, नुकताच रंगवलेला. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, दाराशी लेकरं. कोपऱ्यात भोंग्याचा डबा आणि त्याला जोडलेला मोबाइल तयार होता. तो लावणारा कार्यकर्ता शेवंताबाईंकडे बघत होता, म्हणजे त्यालाही काय होणार ते माहीत नव्हतं. मी मागे भिंतीशी बसले. मी काही त्या विहाराची नव्हे, घरी आमच्या देव्हारा आहे. पण हात मीही जोडले होते.

शेवंताबाईंनी मेणबत्ती लावली, हात जोडले. पहिले शब्द आले. 'तस्स' आलं, आणि तो स असा आला की मध्ये हवासुद्धा फुटली नाही. दाराशी एक पोरगं हसायच्या तयारीत होतं, ते तसंच राहिलं. मग पुढचे शब्द, त्यांच्या शेवटी आणखी एक जोड-स, तोही स्वच्छ. सगळा विहार मागून म्हणू लागला. आवाज म्हातारा होता, जरा थरथरणारा, भोंग्यात असतो तसा गोड अजिबात नव्हता. पण 'सरणं' म्हणताना त्या खरोखर कुठेतरी चालल्या होत्या आणि बाकीचे त्यांच्या मागे. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

नंतर खीर होती. मी मुद्दाम शेवंताबाईंच्या समोर बसले. दात बसले, बोलले, आता चावतात कसे ते मला पाहायचं होतं. तसा कारागिराचा हक्कच असतो तो. त्यांनी पदर तोंडाशी धरला, दात काढले, लोट्यातल्या पाण्याने धुतले आणि पाणी भरलेल्या डबीत ठेवून झाकण लावलं. मग बोळक्या तोंडाने निवांत खीर खायला लागल्या.

"काऊन काढले, आजी? टोचून राहिले का?" नकळत मीही माझ्या केशोरीच्या बोलीवर आले होते.

"नाई वं माय," त्या म्हणाल्या, आणि डबीवर हात ठेवला. "खायले हिरड्या पुरतात मले. याइले खान्यात कायले झिजवू? अजून लय पुन्निमा म्हनाच्या हायेत."